झडपेखालची जागा

गिमली, मॅनिटोबा
८ सप्टेंबर २०१६

डीसा,

पाकीट न उघडताच शेगडीत टाकणार असशील तर निदान तिकीट सोडवून घे. त्यावर घुबड आहे, आणि तुला घुबडं आवडायची. आता आवडतात की नाही, देव जाणे. पंचवीस वर्षांत माणसाच्या आवडी बदलतात म्हणे. माझ्या काही बदलल्या नाहीत. मी अजूनही साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पिते आणि दातांचा डॉक्टर अजूनही ओरडतो.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर मी पाल्हाळ लावते हे तुला ठाऊक आहे. लारुस एप्रिलमध्ये गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. तुला कळवायला हवं होतं, कळवलं नाही. तुझा पत्ता चर्चच्या वहीत आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. आता घरात पाच खोल्या आणि त्यांत मी एकटी. नवऱ्याची गाडी अंगणात नुसती उभी. म्हणून मी तिच्यामागे जोडायला एक ट्रेलर घ्यायचं ठरवलं आहे. छोटा, पण बाराही महिने आत राहता येईल असा. उन्हाळी नको. उन्हाळी ट्रेलर म्हणजे चाकांवरचा तंबू, पहिल्याच कडाक्यात त्याचे नळ फुटतात. मला तो घेऊन जानेवारीत व्हाइटहॉर्सला यायचं आहे आणि मार्च संपेपर्यंत तुझ्या अंगणात उभं राहायचं आहे. घरात येणार नाही. विजेची एक वायर तेवढी बाहेर सोड. हो की नाही, एवढंच कळव.

जुलैत ये म्हणशील. जुलैत काय, सगळेच येतात. मला नऊ मार्चला तुझ्याजवळ असायचं आहे, आपल्या बाबांची बर्फावरची खोली तलावात गेली त्या दिवशी.

बाबांना पुरून आल्यावर कॉफीच्या टेबलावर, सगळ्या मावशांसमोर, मी तुला जे बोलले ते तसं चारचौघांत बोलायला नको होतं. झालं, लिहिलं. आता ट्रेलरचं.

शेजारचा केटिल आठवतो ना? हिवाळ्यात ज्याच्या मिशीला बर्फाचे मणी लोंबायचे तो. आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. मिशी पांढरी झाली, अक्कल होती तेवढीच आहे. उंटावरचा शहाणा, पण गाडी-चाकांतलं त्याला कळतं, म्हणून बरोबर नेते. काल एक सव्वीस फुटी ट्रेलर बघितला. आत सोफा आणि विजेवर चालणारी खोटी शेकोटी. मी भाळलेच होते.

केटिल म्हणाला, "लोआ, नाकापेक्षा मोती जड. ही गाडी त्याला ओढणार नाही, उतारावर तोच गाडीला ढकलेल."

"मॅनिटोबात उतार आहे कुठे?"

"तू जाणार आहेस तिकडे आहेत. आणि डीसा दारात उभी करेल याची तरी खात्री आहे का?"

काल मी त्याला केक दिला नाही.

लोआ


२ ऑक्टोबर

डीसा,

उत्तर नाही. व्हाइटहॉर्सचं टपाल हळू येतं, अशी मी माझी समजूत घातली आहे.

आणखी दोन बघितले. पहिला अंड्यासारखा, फायबरचा, वर-खाली दोन टरफलं आणि मधे एकच सांधा. गळायला जागाच नाही. बघताक्षणी आवडला. पण त्यात रोज टेबल मोडून बिछाना करायचा आणि सकाळी बिछाना मोडून टेबल. दोन दिवसांच्या सहलीला ठीक आहे, तीन महिने केलं तर माझा गुडघा पहिल्याच आठवड्यात संपावर जाईल. शिवाय पाण्याची टाकी पोटाखाली उघडी, वाऱ्यावर. दुसऱ्याची टाकी झाकलेली होती, हीटरची गरम हवा तिच्यापर्यंत जात होती, काचाही दुहेरी. केटिलने खिशातून मेणबत्ती काढली आणि बाबा करायचे तशी पेटवून एकेका फटीवरून फिरवली. विकणाऱ्याला वाटलं, म्हातारा आग लावायला आलाय. ज्योत एकदा दाराच्या बिजागरीपाशी हलली, बाकी ताठ.

मग मी बिछान्यावर उभी राहिले आणि छतातल्या झाकणाला खांदे लावून बघितले. झाकण चौदा इंच. खांदे काही जाईनात.

"काय चाललंय तुझं?" केटिल.

"बाहेर पडता येतं का बघतेय."

"छतातून? मग दार काय शोभेला ठेवलंय?"

"दार पाण्याखाली गेलं तर?"

विकणारा एकदा माझ्याकडे, एकदा केटिलकडे बघायला लागला. "बाई, हा ट्रेलर आहे, होडी नाही. तुम्ही नेणार कुठे हा?"

केटिल त्याच्यासमोर हसला नाही. म्हणाला, "आम्ही तलावाची माणसं. वर झडप नसेल तर आमच्याकडे आत कोणी झोपत नाही." गाडीत बसल्यावर मात्र मला सुनावलंच. "अगं, भर हायवेवर बुडणार आहेस का तू? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, ते समजू शकतो. तू तर रिकामा पेला फुंकायला लागलीस."

घरी आले तेव्हापासून बाबांची ती बर्फावरची कबूस डोळ्यांसमोरून हलत नाही. सहा बाय बारा फुटांची ती लाकडी खोली, खाली लोखंडी घसरपट्ट्या, पुढे बाबांचा ट्रॅक्टर. किनाऱ्यापासून नऊ मैल आत, चारी बाजूंनी पांढरं. पत्र्याच्या शेगडीवर दिवसभर कॉफी, दोरीवर ओले हातमोजे, त्यांचा तो मासळीचा आणि लोकरीचा वास. सवड मिळाली की आपण दोघी जायचो, तू वीस वर्षांची, मी चौदाची. बर्फाच्या भोकातून जाळं ओढताना तू मुद्दाम बेसूर गायचीस, म्हणायचीस, मासे कंटाळून आपणहून वर येतात. बाबा लोण्यात मासा तळायचे आणि डोकं कुणाला यावरून आपली भांडणं. वरचा बिछाना माझा, छताच्या झडपेखाली. कारण तू म्हणालीस, उष्णता वर जाते. लबाड कुठली! वर सगळा वारा यायचा. आयुष्यात तेवढी मी कधी कुडकुडले नाही आणि तेवढी सुखीही कधी नव्हते.

आणि बाबांचा तो नियम. झोपण्यापूर्वी रोज तळहाताने झडप वर ढकलून बघायचे. कडी नाही, खिळा नाही, चिंधी नाही, स्वतःच्या वजनाने नुसती टेकलेली. "दार तलावाचं, झडप आपली," म्हणायचे.

मग नऊ मार्च, पासष्ट सालचा. आपण दोघी सकाळी जाळ्यांकडे, बाबा आत कॉफी करत होते. बर्फ तडकला, कबूस दाराच्या बाजूने खाली गेली, बाबांनी झडप ढकलली आणि ती उघडेना. तुझी लाल शाल फटीत कोंबलेली होती. श्वासाच्या वाफेने भिजून, गोठून तिचा दगड झाला होता. किटलीने खिडकी फोडून ते बाहेर आले. काचेने उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि जाळी विणायला नेमकी तीच लागतात. पुढल्या वर्षी नावेवरचं आपलं नाव पुसून ती विकली आणि धक्क्यावर रखवालदार झाले. हे सगळं तुला माहीत आहेच. मी एवढ्यासाठी लिहिलं की चूक झाली तेव्हा तूही लहानच होतीस, थंडी मरणाची होती, आणि मी तुला ते केव्हाच माफ केलं आहे. एवढं तुला कळावं.

लोआ


२३ ऑक्टोबर

डीसा,

ट्रेलर मिळाला होता. मीच घालवला.

विनिपेगमध्ये. विकणारी मारिसेल नावाची फिलिपिनो बाई, चाळिशीची, बोलायला गोड आणि खरी. सतरा फुटी, टाकी झाकलेली, हीटर नीट, लारुसच्या गाडीला झेपेल इतकाच जड. दोन बाजूंना दोन वेगळे बिछाने, कायमचे, मोडायचे-जोडायचे नाहीत. एकट्या बाईला दोन बिछाने कशाला, असं तिने विचारलं नाही, आणि केटिलने विचारायला तोंड उघडलं तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला. डावीकडच्या बिछान्यावर, छतात, चांगली रुंद झडप. माझे खांदे गेले. मी कमरेपर्यंत बाहेर निघून वरून केटिलला हात केला. तो म्हणाला, "आता खाली ये, नाहीतर चर्चचा मनोरा समजून घंटा बांधतो तुला." किती दिवसांनी हसले मी.

सही करायला बसलो तेव्हा मारिसेलने कपाटातून एक जाड चौकोनी गादी काढली. स्पंजची, चकाकत्या कापडाची, अगदी झडपेच्या मापाची.

"ही माझ्याकडून भेट. हिवाळ्यात झडपेत घट्ट कोंबून टाका. वारा बंद. वर झडप आहे हे विसरूनही जाल."

मी किती मोठ्याने ओरडले ते मला आठवत नाही. केटिल सांगतो, बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. गादी मी कुठे फेकली तेही त्यानेच सांगितलं. बिचारी मारिसेल पुन्हापुन्हा म्हणत होती, "मॅडम, मी काय वाईट बोलले?"

काही नाही. ती काहीच वाईट बोलली नाही.

परतताना केटिल म्हणाला, "लोआ, शाल डीसाची होती. मग झडप तुझ्या का जिव्हारी लागते?"

मला आज पुढे लिहिता येत नाही.

लोआ


३० ऑक्टोबर

डीसा,

हे पाचव्यांदा लिहिते आहे. आधीचे चार कागद शेगडीत गेले.

शाल मी कोंबली.

बाबांनी झडप ढकलून बघितली, दिवा मालवला, घोरायला लागले. तू झोपली होतीस. वाऱ्याची धार थेट माझ्या कपाळावर येत होती. मी हात लांब करून खुंटीवरची तुझी शाल काढली आणि बोटांनी फटीत दाबली, चारी बाजूंनी, नीट. सकाळी काढायची असं ठरवलं होतं. सकाळी तू हाक मारलीस, जाळं भरलंय म्हणालीस, आणि मी विसरून धावत सुटले.

कबूस वर ओढली तेव्हा बाबांनी डाव्या हातात ती शाल धरून विचारलं, "ही कुणाची?" आईने तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "माझी." तू खोटं बोलली नव्हतीस, शाल तुझीच होती. मी तुझ्या शेजारी उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मला वाटलं, उद्या सांगेन. तू जूनमध्ये बसने पश्चिमेला निघून गेलीस. मला वाटलं, पत्रात सांगेन. मग लग्न झालं, मुलं झाली, आई गेली. इतक्या वर्षांत खोटं मला इतकं सवयीचं झालं की बाबांच्या अंत्यविधीला मी कप खाली ठेवून सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "बापाचा एवढा पुळका होता तर झडपेत शाल कशाला कोंबलीस?" तू कप ठेवलास, कोट घातलास आणि गेलीस. मी बरोबरच बोलल्यासारखी बसून राहिले. केकचा आणखी एक तुकडा घेतला मी, डीसा. मला तो तुकडासुद्धा आठवतो.

आणि दोन पत्रांमागे मी तुला माफ केलं म्हणे! हात कसा झडला नाही माझा.

अंगणात जागा मागायचा मला हक्क नाही, हे कळतं. तरी मागते.

तुझी, अजून म्हणवत असेल तर,
लोआ


४ डिसेंबर

डीसा,

अजून काही नाही. तू वाचतेस की नाही कळत नाही, पण एक गोष्ट तुला कळवायलाच हवी, नाहीतर ती दुसऱ्याच कुणाकडून कळेल.

मागच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये, त्याच लांब टेबलावर, कॉफी चालू असताना मी उभी राहिले. म्हटलं, "पासष्टच्या मार्चमध्ये कबूसच्या झडपेत शाल मी कोंबली होती, डीसाने नाही. बाबांच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी इथेच बसून खोटं बोलले. तुमच्यापैकी निम्म्या तेव्हा इथे होत्या, म्हणून इथेच सांगते."

ग्रोआ मावशी आता त्र्याण्णवची आहे. कानात यंत्र, हातात काठी. ती म्हणाली, "पन्नास वर्षं लागली तुला? आमच्यातल्या किती जणी वर गेल्या डीसाला नावं ठेवत. आता त्यांना कोण सांगणार?" मग मला जवळ ओढलं आणि माझ्याच खांद्यावर रडली. दोन बायका माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

केटिलने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मग आता घ्यायचा का तो ट्रेलर?" आम्ही विनिपेगला गेलो. मी मारिसेलची माफी मागितली, केक दिला, आणि तिला कबूसची गोष्ट सांगितली. ती झडपेकडे बघून म्हणाली, "गादी नकोच तुम्हाला. थंडीत वरची झडप बोटभर उघडी ठेवावीच लागते, नाहीतर श्वासाचं पाणी भिंतींवर गोठतं आणि गाद्या कुजतात. मी सगळ्यांना सांगते, कुणी ऐकत नाही. गारठ्याला घाबरून सगळे कोंबतातच." म्हणजे बाबांचा नियम ट्रेलरवाल्यांनाही ठाऊक आहे तर.

ट्रेलर आता दारात उभा आहे. उणे सव्वीसमध्ये मी तीन दिवस त्यातच राहिले, घराला कुलूप लावून. नळ गोठले नाहीत. केटिल रोज सकाळी खिडकीवर टकटक करून विचारायचा, "आहेस का?" मी आतून म्हणायचे, "नाही, बुडाले." गॅसच्या टाक्या भरल्या आहेत. दोन्ही बिछान्यांवर अम्माआजीची पांघरुणं घातली. तिने ती विणली तेव्हा तुझं-माझं म्हणून रंग वेगळे ठेवले होते, आठवतं? तुझं निळं अजून कोरं आहे.

तू हो म्हणाली नाहीस तरी मी निघणार आहे. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहीन. हाकललंस तर परत फिरेन.

लोआ


फोर्ट नेल्सन, ब्रिटिश कोलंबिया
२२ जानेवारी २०१७

डीसा,

हे पत्र टपालात टाकणार नाही, हातातच आणते आहे. आणखी दोन दिवस. आज उणे अडतीस आहे, गॅससुद्धा टाकीतून आळस देत बाहेर येतो, म्हणून दुपार इथेच काढते आहे.

तुझं कार्ड तीस डिसेंबरला आलं. घुबडाचं चित्र. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं आहे, म्हणून मजकूर इथे उतरवून ठेवते, हरवला तर पंचाईत नको.

"लोआ, मी झोपले नव्हते. शेगडीच्या उजेडात तू शाल काढलीस ते मी बघितलं, कोंबलीस तेही बघितलं. वारा थांबला, माझे पाय गरम झाले, आणि मी कूस बदलून झोपले. मी वीस वर्षांची होते, नियम मला तुझ्यापेक्षा जास्त कळत होता. बाबांच्या हाताकडे बघवेना म्हणून मी गेले, तुझ्यामुळे नाही. कॉफीच्या टेबलावर तू बोललीस ते मला खोटं वाटलंच नाही. ये. वायर बाहेर सोडली आहे. केकवर साखरेचा लेप दिसला तर तिथूनच परत पाठवीन. डीसा."

खरं सांगते, आधी मला तुझा भयंकर राग आला. एकावन्न वर्षं मी एकटीच ते ओझं वाहते आहे असं समजत होते, आणि निम्मं तू पळवून नेलं होतंस! स्वयंपाकघरात मी तुला मोठ्याने शिव्या दिल्या. मग जमिनीवर बसून रडले. गुडघ्यामुळे उठता येईना, केटिलला फोन करावा लागला. त्याने कार्ड वाचलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "दोघी बहिणी सारख्याच बिनडोक. तुमच्या बाबांना बिचाऱ्यांना कळलं असतं तर दोघींना एकेक ठेवून दिली असती आणि मासा तळायला बसले असते." असंच केलं असतं त्यांनी. आपण त्यांना ती संधीच दिली नाही, याचं मला सगळ्यांत वाईट वाटतं.

केकवर लेप नाही. सात थर आहेत, वेलदोडा जास्त घातला आहे, तुला हवा तसा.

झडपेखालचा बिछाना मी घेतला आहे. वारा थेट कपाळावर येतो आणि सकाळी पांघरुणावर बर्फाची पूड असते. टोपी घालून झोपते. उष्णता वर जाते म्हणणाऱ्या एका बाईला मला जाब विचारायचा आहे. रोज झोपण्यापूर्वी तळहाताने झडप वर ढकलून बघते आणि ती उघडली की मगच दिवा मालवते. तुझ्या अंगणात आल्यावर पहिल्या दिवशी मात्र मी हात लावणार नाही. घरात येणार नाही असं मी लिहिलं होतं, ते पाळीन. तूच कोट घालून बाहेर ये, आत ये, आणि झडप तू ढकलून बघ. उघडली, असं म्हण. तुझं निळं पांघरूण समोरच्या बिछान्यावर आहे.

लोआ